वयाच्या नावावर खपणारी दुखणी

‘आता वय झाले, एवढे चालायचेच.’ हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यामागे एखादा आजार दडलेला असू शकतो, ही शंकाही कुणाच्या मनात येत नाही. चालताना तोल जाणे, नावे न आठवणे, अन्नावरची वासना उडणे, दिवसभर पेंगत राहणे, पायांना मुंग्या येणे या तक्रारी वाढत्या वयात होतात, हे खरे आहे. परंतु याच तक्रारी शरीराला एखादा पोषक घटक कमी पडला तरी उद्भवतात आणि एखादा घटक प्रमाणाबाहेर झाला तरी उद्भवतात. ही दुसरी शक्यता तर फारच थोड्यांना ठाऊक असते. शक्तीचे औषध म्हटले की ते जितके घ्यावे तितके चांगले, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. तीस वर्षांच्या व्यवसायात माझ्यासमोर आलेल्या ज्येष्ठ रुग्णांपैकी कित्येकांच्या बाबतीत उणीव आणि अतिरेक एकाच घरात, कधी कधी तर एकाच शरीरात, नांदताना दिसले आहेत. त्यांतील नेहमी आढळणाऱ्या काही घटकांविषयी येथे लिहितो आहे.

पायातून निसटणारी चप्पल

पासष्टीपुढच्या रुग्णाला मी आवर्जून दोन प्रश्न विचारतो. चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि ते उशिरा लक्षात येते, असे होते का? आणि सकाळी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना, डोळे मिटले की तोल जातो का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असे आले, तर माझे लक्ष प्रथम बी-१२ जीवनसत्त्वाकडे जाते.

आपले पाय जमिनीवर कुठे आणि कसे टेकले आहेत, याची खबर मेंदूला पोहोचवणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जातात. बी-१२ कमी पडले की या तंतूंवरचे आवरण झिजू लागते. खबर नीट पोहोचत नाही; मग मेंदू डोळ्यांच्या आधारावर काम भागवतो. उजेडात माणूस बरा चालतो, पण अंधारात किंवा डोळे मिटल्यावर त्याची त्रेधा उडते. मधुमेहाने किंवा अन्य कारणांनीही नसा अशा दुखावतात. म्हणून दोन प्रश्नांवरून निदान होत नाही, तपासणीची दिशा मात्र मिळते. जीभ लालबुंद, गुळगुळीत होणे, तिखट सोसेनासे होणे, चिडचिड, उदासी आणि विस्मरण हीसुद्धा याच उणिवेची रूपे आहेत. स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्याआधी बी-१२ आणि थायरॉइड यांची तपासणी करतात, ती याच कारणासाठी.

या जीवनसत्त्वाची रोजची गरज अगदी क्षुल्लक, म्हणजे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम आहे. असे असूनही उणीव इतकी सर्रास का आढळते? एक कारण सर्वांना माहीत आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतींमध्ये नसते. मांस, मासे, अंडी आणि दूधदुभते हेच त्याचे भरवशाचे स्रोत. शाकाहारी घरात त्याची सारी भिस्त दुधावर असते आणि वय वाढेल तसे दूध चहापुरते उरते. ‘दूध पचत नाही’, ‘कफ होतो’ म्हणून तेही सुटते. दुसरे कारण मात्र अनेकांना नवे वाटेल. अन्नातील बी-१२ सुटे होण्यासाठी जठरात पुरेसे आम्ल लागते, आणि ते आतड्यात शोषले जाण्यासाठी जठरातच तयार होणाऱ्या एका प्रथिनाची साथ लागते. वयानुसार जठराचे अस्तर झिजते, आम्ल घटते. त्यात भर म्हणून ‘पित्ताची गोळी’ सकाळी उपाशीपोटी वर्षानुवर्षे चालू असते. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही त्यांतली नेहमीची नावे. मधुमेहासाठी उपयुक्त असलेले मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही बी-१२चे शोषण कमी होते. तेव्हा शाकाहारी, मधुमेही आणि पित्ताची गोळी घेणारा ज्येष्ठ हा या उणिवेचा जणू ठरलेला मानकरी असतो. (मांसाहारी मंडळींनीही निश्चिंत राहू नये; शोषणच होत नसेल तर ताटात काय आहे याला फारसा अर्थ उरत नाही.) यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षे पुरेल इतका साठा असल्याने कमतरता हळूहळू, नकळत येते, आणि म्हणूनच ती वयाच्या नावावर खपून जाते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘आमच्या आईचे हिमोग्लोबिन साडेबारा आहे, म्हणजे बी-१२ ठीकच असणार’ असा तर्क बरेच जण करतात. तो चूक आहे. रक्त व्यवस्थित असतानाही नसांची हानी झालेली असू शकते. हे कसे घडते, ते समजण्यासाठी थोडे मागे, मुंबईच्या गिरणगावात जावे लागेल.

परळमध्ये उलगडलेले कोडे

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या आणि गरीब वस्त्यांत राहणाऱ्या गर्भवती स्त्रियांना एक तीव्र स्वरूपाचा रक्तक्षय होत असे, त्याचा शोध घेण्याचे काम त्यांच्याकडे होते. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होत. लोहाने त्या सुधारत नसत. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांनी या स्त्रियांचा आहार बारकाईने तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे ‘मार्माइट’ नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त पदार्थाने, हा रक्तक्षय बरा होतो असे दाखवून दिले. १९३१ साली त्यांनी ही माहिती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. त्या अर्कातील गुणकारी घटक नेमका कोणता, हे तेव्हा कळले नव्हते; म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. पुढे १९४१ साली तोच घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल पडले. काही वर्षांतच तो अमेरिकेतील लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झाला. तेथील संशोधनाची धुरा आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती.

गर्भवतींना आज सरकारी दवाखान्यांतून लोहाबरोबर फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात, त्यांचे मूळ त्या परळच्या कामात आहे. पण कथेचा उत्तरार्ध ज्येष्ठांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. नवे औषध हाती आल्यावर ते ‘पर्निशियस ॲनिमिया’च्या रुग्णांनाही देण्यात आले. या आजारात जठराच्या दोषामुळे बी-१२ शोषले जात नाही. परंतु बी-१२ तोवर सापडलेच नव्हते, ते १९४८ साली वेगळे काढले गेले. फॉलिक आम्लाने या रुग्णांचे रक्त सुधारले. चेहऱ्यावर तजेला आला. आणि त्याच वेळी त्यांच्यापैकी कित्येकांचे पाय लुळे पडू लागले. रक्ताची कमतरता फॉलिक आम्लाने झाकली गेली होती. नसांना हवे असलेले बी-१२ मात्र मिळालेच नव्हते, आणि नसांचा ऱ्हास चालूच राहिला होता.

हा प्रकार इतिहासजमा झालेला नाही. रक्त वाढवण्याच्या बहुतेक टॉनिकांत आणि गोळ्यांत फॉलिक आम्ल असते. थकवा आला म्हणून दुकानातून आणलेली अशी गोळी सहा महिने घेणाऱ्या शाकाहारी आजींचे हिमोग्लोबिन वाढते, घरचे समाधान पावतात, आणि चप्पल पायातून निसटतच राहते. म्हणून बी-१२ची पातळी पाहिल्याशिवाय ज्येष्ठांना केवळ फॉलिक आम्ल चालू करू नये.

तपासणीबाबत दोन सूचना. रक्ताचा नमुना इंजेक्शन किंवा गोळी सुरू करण्यापूर्वी द्यावा. इंजेक्शननंतर आलेला मोठा आकडा फक्त इंजेक्शन टोचल्याचा पुरावा असतो. साधारणपणे २०० पिकोग्रॅमखालची पातळी कमतरतेची समजतात. २०० ते ३०० हा संदिग्ध पट्टा असून, तेथे रुग्णाची लक्षणे पाहून आणि गरज पडल्यास आणखी एखादी तपासणी करून निर्णय घ्यावा लागतो. नसांची लक्षणे असतील तर इंजेक्शनने सुरुवात करणे इष्ट. उपचार जितके लवकर, तितकी भरपाई अधिक. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास काही हानी कायमची राहते.

बी-१२ जास्त झाल्यास ते बहुतांशी लघवीवाटे निघून जाते. त्याच गटातील बी-६ मात्र इतके निरुपद्रवी नाही. रोज २ ते ६ ग्रॅम बी-६ घेणाऱ्या सात रुग्णांची हकिकत अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ साली प्रसिद्ध केली. त्यांचे हातपाय बधिर झाले होते आणि चाल डगमगत होती. ही मात्रा प्रचंड होती, हे खरे; पण त्यानंतर पुष्कळ कमी मात्रेनेही, दीर्घकाळ घेतल्यास, असा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. बधिरपणासाठी घेतलेल्या ‘नसांच्या गोळी’नेच बधिरपणा वाढावा, ही विचित्र गोष्ट आहे, म्हणून अशा गोळ्या किती दिवस घ्यायच्या, हे लिहून घ्यावे.

पुडी आठवड्याची, घेतली रोज

ड जीवनसत्त्वाची कथा याहून वेगळी. सूर्यप्रकाशाने ते त्वचेत तयार होते. मात्र वृद्ध त्वचा ते तरुण त्वचेच्या मानाने कमी तयार करते, आणि सदनिकेत राहणाऱ्या, गुडघेदुखीने घराबाहेर न पडणाऱ्या ज्येष्ठाला ऊन मिळतेच कुठे? त्यामुळे उणीव सामान्य आहे. हाडे ठिसूळ होतात, मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, खुर्चीवरून उठताना हातांचा आधार घ्यावा लागतो. उपचारही सोपा आणि स्वस्त आहे. अडचण उपचाराच्या मापात आहे.

आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी पुडी किंवा कॅप्सूल ६०,००० युनिटची असते. ज्येष्ठांची रोजची गरज सुमारे ८०० युनिट. म्हणजे एका पुडीत अडीच महिन्यांची बेगमी असते! म्हणून ती आठवड्यातून एकदा, सहसा आठ आठवडे आणि पुढे महिन्यातून एकदा, अशी देतात. आता घरात काय घडते पाहा. चिठ्ठी हरवते. गोड पुडी दुधात घालून रोज घेतली जाते. किंवा आठ आठवड्यांचा क्रम संपल्यावर ‘बरे वाटत होते’ म्हणून तीच चिठ्ठी दाखवून वर्षभर पुड्या आणल्या जातात. गुडघ्यांसाठी दुसरे डॉक्टर ६ लाख युनिटचे इंजेक्शन देतात. पुडी चालू आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

हे जीवनसत्त्व मेदात साठते, लघवीवाटे सहजी जात नाही. ते फार वाढले की रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मग भूक जाते, मळमळते, बद्धकोष्ठ होते, तहान आणि लघवी वाढते, माणूस सुस्त होतो, असंबद्ध बोलू लागतो. मूत्रपिंडांना इजा होते. ही लक्षणे वाचून कुणालाही वयाची किंवा मधुमेहाचीच आठवण होईल. बद्धकोष्ठासाठी रेचक आणि अशक्तपणासाठी आणखी एक कॅल्शियमची गोळी सुरू होते. साठा मेदात असल्यामुळे पुड्या थांबवल्यावरही हा त्रास कित्येक आठवडे, कधी महिने रेंगाळतो. अशा वेळी रक्तातील कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व या तीन तपासण्यांत उलगडा होतो.

विषबाधेइतके प्रमाण नसले, तरीही एकदम मोठी मात्रा लाभदायकच असते असे नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट ड जीवनसत्त्व दिले होते, उरलेल्यांना औषधविरहित गोळ्या. हाडे वाचावीत हा हेतू होता. प्रत्यक्षात जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि अस्थिभंगाचे २६ टक्क्यांनी अधिक निघाले. तेव्हापासून वर्षाचा कोटा एका इंजेक्शनात उरकण्याच्या पद्धतीविषयी माझे मत फारसे चांगले राहिलेले नाही.

मिठाचा हिशेब

मीठ कमी खा, हा सल्ला योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाचा एक चमचाभर, याहून कमी मीठ खावे. लोणचे, पापड, फरसाण आणि ब्रेड यांतले मीठ धरून. परंतु या सल्ल्याचे काही घरांत व्रत होते. रक्तदाब निघाला म्हणून आजोबांचे जेवण पूर्ण अळणी. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध. वर ‘भरपूर पाणी प्या’ हे कुणीतरी सांगितलेले, म्हणून दिवसाला चार लिटर पाणी. मे महिन्याचा घाम आणि दोन दिवसांचे जुलाब यांची भर पडली की रक्तातील सोडियम घसरते. ते १३५ ते १४५ या मर्यादेत हवे; १२५च्या खाली गेले की माणूस बरळतो, ओळखेनासा होतो, पडतो, क्वचित आकडीही येते. घरच्यांना वाटते पक्षाघात झाला, किंवा ‘भ्रम झाला’. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही सोडियम उतरते.

दोन-चार दिवसांत अचानक झालेला बुद्धीचा गोंधळ हा वार्धक्याचा भाग कधीच नसतो. वार्धक्य असे एका रात्रीत येत नाही. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. घरी मिठाचे पाणी पाजून हा प्रश्न सोडवू नये. सोडियम घाईने वर चढले तर मेंदूला कायमची इजा होते, म्हणून रुग्णालयातही ते बेताबेताने वाढवतात.

मिठाच्या पर्यायांबद्दलही लिहायला हवे. सैंधव हे बहुतांशी साधे सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबात त्याला काही सवलत नाही आणि त्यात आयोडीन मिसळलेले असतेच असे नाही. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम असते. धडधाकट मूत्रपिंडांना ते चालते. पण मूत्रपिंडे अधू असतील किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल अथवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांना शहाळ्याचे पाणीही रोज आग्रहाने पाजू नये. हृदयविकार नसताना पोटॅशियमनेच हृदय थांबावे, हे टाळण्यासारखे आहे.

चहा-बिस्किटावर काढलेला दिवस

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाला मी ‘जेवता ना?’ असे विचारत नाही. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले, ते क्रमाने सांगायला लावतो. चहा-बिस्किटे, थोडा वरण-भात, चहा-खारी, रात्री दूध-पोळी किंवा नुसता मऊ भात. पोट भरते, पण प्रथिने तुटपुंजी. कवळी नीट बसत नाही म्हणून उसळी आणि भाकरी बाद झालेल्या असतात. स्नायू झिजतात, आणि वजन हळूहळू उतरत असताना नातेवाईक ‘बारीक झालात, बरे झाले’ म्हणतात! मूत्रपिंडे ठीक असलेल्या ज्येष्ठाने वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे एक ग्रॅम प्रथिने खावीत. त्यासाठी महागडा डबा लागत नाही. मुगाचे धिरडे, पिठले, घट्ट वरण, मऊ शिजवलेली मटकी, दही, पनीर, दाण्याचे कूट, आणि चालत असल्यास अंडे व मासे पुरतात. कवळी मात्र दुरुस्त करून घ्यावी.

लोहाबद्दल थोडक्यात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहातील घटक लोह अडवून धरतात. आणि साठीनंतर लोह कमी निघाले, तर गोळी सुरू करून स्वस्थ बसू नये. मासिक पाळी थांबलेल्या स्त्रीचे किंवा पुरुषाचे लोह कुठे जाते? पुष्कळदा पोटातून रक्तस्राव होत असतो. मूळव्याध, दुखण्याच्या गोळ्यांनी झालेला व्रण, क्वचित आतड्याचा कर्करोग. लोहाच्या गोळीने शौच काळे होते, त्यामुळे हा रक्तस्राव लपूनही राहतो. शोध घेतल्याशिवाय वर्षभर लोह घेण्यात हाच धोका आहे, शिवाय जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही.

औषधांची पिशवी

काळजी घेणाऱ्यांना एक काम सांगतो. त्याला तासाभराहून अधिक वेळ लागणार नाही. घरातील ज्येष्ठ जे जे घेतात ते सारे एका पिशवीत भरा. चिठ्ठीवरची औषधे, दुकानातून आणलेले टॉनिक, प्रथिनांचा डबा, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णे, शेजारणीने दिलेली कॅल्शियमची बाटली, मुलाने अमेरिकेहून पाठवलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, सगळे. मग एका कागदावर प्रत्येकातील ड जीवनसत्त्व, बी-६, फॉलिक आम्ल, लोह आणि कॅल्शियम किती, ते लिहून बेरीज करा. एकच घटक तीन-चार ठिकाणांहून पोटात जात असल्याचे हमखास आढळेल.

परदेशी बाटल्यांवर ड जीवनसत्त्व मायक्रोग्रॅममध्ये छापलेले असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. तेव्हा ‘२५ मायक्रोग्रॅम’ वाचून ते किरकोळ समजू नये, ते १,००० युनिट आहेत. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असते. त्याने इजा होत नाही, पण थायरॉइडसह काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकीचे येतात. म्हणून तपासणीपूर्वी प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना तसे सांगावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांनी पालेभाज्या सोडू नयेत आणि एकदम वाढवूही नयेत. त्यांतील के जीवनसत्त्वाचा त्या गोळीशी थेट संबंध आहे, रोज साधारण तेवढीच भाजी खावी.

पिशवी आणि कागद घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. स्वतःहून काही बंद करू नका. विशेषतः मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या. पित्ताची गोळी अजून लागते का, आठवड्याची पुडी कोणत्या तारखेला थांबवायची आणि बी-१२ शेवटचे कधी तपासले होते, हे तीन प्रश्न त्याच कागदाच्या मागे लिहून न्या. दवाखान्यात गेल्यावर ते विसरतात.